फी थांबली तो हिवाळा

सारंगखेड्याचा घोडेबाजार उठला, की नंदुरबारला शिंका सुरू होतात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, गावात सर्दीची साथ आली. साथ कसली डोंबलाची! गावाबाहेरच्या माळावर मिरची वाळत पडलेली असते, लालभडक, नजर पोचेल तिथवर. वाळवणाच्या या माळाला आम्ही पथारी म्हणतो. आमचं घर पथारीला लागूनच, त्यामुळे या दिवसांत चहालासुद्धा ठसका असतो आणि दोरीवरचा टॉवेल झटकल्याशिवाय तोंडाला लावायची सोय नसते. माझी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिचे डोळे पाझरत होते. माहेरची आठवण येते म्हणून आम्ही सगळे तिची समजूत घालत बसलो. मिरची होती ती.

परवा सकाळी अशीच शिंकत बसले होते आणि मोबाईलवर बातमी आली. विद्यापीठाच्या फीवाढीला मर्यादा. विद्यार्थ्यांच्या लढ्याला यश. खाली गुलाल फासलेल्या पोरापोरींचा फोटो. वहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, ''बरं झालं की हो ताई. गरिबाच्या लेकरांचं भलं झालं.'' मी म्हटलं, ''हो, फार भलं झालं,'' आणि मोबाईल उपडा टाकला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत गेली. हिवाळ्यात माझं डोकं ठिकाणावर नसतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मिरचीला दोष देतात बिचारे. देऊ देत.

असा एक फोटो माझ्याकडेही आहे. गालाला गुलाल, घसा बसलेला, मागे कॉलेजचं गेट, आणि माझ्या गळ्यात हात टाकून रुमली. त्या हिवाळ्यात आम्हीही फी थांबवली होती.

रुमली आणि मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एका बाकावर बसायचो. वनस्पतिशास्त्र. ती धडगावच्याही वरची, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची पावरा मुलगी. त्या पाड्यावरून कॉलेजात आलेली पहिलीच. मराठी ती पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे आम्हा नंदुरबारकरांपेक्षा शुद्ध. आम्ही विचारायचो, ''काय करी ऱ्हायनी वं?'' आणि ती उत्तर द्यायची, ''मी प्रयोगवही पूर्ण करते आहे.'' आम्ही खिदळायचो, तीही हसायची, पण बोलायची तसंच. एकदा दुपारी वर्ग रिकामा होता. ती उठली, फळ्यासमोर उभी राहिली आणि तिने मला मुळांचे प्रकार शिकवले. डस्टर आपटून, भुवया चढवून, ''मागच्या बाकावर काय चाललं आहे?'' असं दरडावून. मागच्या बाकावर मीच होते. शिकवून झाल्यावर तिने फळा पुसला, हात झटकले आणि म्हणाली, ''एम.एस्सी. झाल्यावर असं.'' त्यापलीकडे तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तर जानेवारीत विद्यापीठाने शिक्षण शुल्क वाढवलं. विद्यापीठ सरकारी, सगळ्यांच्या करावर चालणारं, आणि वाढ अशी की पंक्चरच्या दुकानात बसलेल्या माझ्या वडिलांनी आकडा ऐकला आणि हातातली ट्यूब पाण्यात तशीच सोडून दिली. ''आते काय करानं?'' एवढंच म्हणाले. आम्ही मग कॉलेजच्या गेटसमोर बसलो. सतरंज्या घरून, पाणी समोरच्या टपरीवरून, आणि घोषणा रुमलीच्या. बाईचा आवाज काय होता! डोंगरात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाका मारत वाढलेली ती. तिने पावरीत घोषणा दिली, की अर्थ न कळताही आम्ही जीव तोडून साथ द्यायचो.

खरं तर तिला तिथे बसायचं काही कारणच नव्हतं. तिचं शिक्षण शुल्क सरकार भरायचं, शिष्यवृत्तीतून. ते वाढलं असतं तर सरकारचं वाढलं असतं. तिला घरून आणावे लागायचे ते वरचे पैसे, प्रयोगशाळेचे आणि आणखी कसकसल्या नावांचे. मी म्हटलं, ''तू कशाला घसा फोडून घेतेस? तुझी फी थोडीच आहे ही?''

ती म्हणाली, ''ही लाह आहे, सुशीला.''

लाह म्हणजे त्यांच्या पाड्याची रीत. कुणाचं घर शाकारायचं असलं, शेतातलं मोठं काम अडलं, की सगळा पाडा त्याच्याकडे जातो. मजुरी नाही. ज्याचं काम तो जेवू घालतो. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. कोण कितीदा आलं हे कुणी मोजत नाही, पण बोलावलं तर जायचं, हे नक्की. ''आज तुमच्या घरची लाह,'' ती म्हणाली आणि पुन्हा घोषणा द्यायला उठली. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

शेवटी विद्यापीठ नमलं. शिक्षण शुल्काच्या वाढीला मर्यादा घातली, यंदा तर वाढच नाही, असं प्राचार्यांनी गेटवर येऊन सांगितलं. काय नाचलो आम्ही त्या दिवशी! आणि नेमका त्याच दिवशी रुमलीचा मामा बाजाराला खाली उतरलेला होता. खेत्यामामा. पाड्याचा पंच. कानात बाळी, अंगात पोलिसी रंगाचा स्वेटर, पायात स्लीपर. भाचीचा आवाज ऐकून गर्दीत घुसला आणि तिला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, ठरलं. ''ठरलं?'' मामा म्हणाला आणि उलटा बाजारात गेला. परत आला तो गुळाची ढेप घेऊन.

त्यांच्यात लग्न ठरताना मुलीच्या बापाला द्यायचं देज पंचांसमोर ठरतं. ठरेपर्यंत वाटेल तेवढी घासाघीस, रुसवेफुगवे, उठून जाणं, पुन्हा येऊन बसणं. पण एकदा दोन्हीकडच्यांनी गूळ खाल्ला, की आकडा पक्का. मग नवरीच्या बापाला सोन्याचे डोंगर दाखवले तरी तो वर चढवायचा नाही. मामाला वाटलं, विद्यापीठाशी बोलणी झाली आहेत. त्याने प्राचार्यांपुढे गुळाचा खडा धरला आणि बाजारापुरत्या मराठीत विचारलं, ''साहेब, ठरला का?'' प्राचार्य हसले. म्हणाले, ''ठरलं, ठरलं.'' आणि गूळ खाल्ला. फोटोवाल्यांनी फोटो काढले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मामाने उरलेली ढेप आम्हा सगळ्यांना वाटली आणि समाधानाने डोंगराकडच्या जीपमध्ये जाऊन बसला.

आकडा पक्का झाला, म्हणून पुढच्याच आठवड्यात पाड्याने रुमलीची लाह केली. तिचे वरचे पैसे भरायचे होते ना. बरीच घरं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या आणि चार बाप्ये मामाबरोबर खाली उतरले आणि आमच्या पथारीवर कामाला लागले. माझी माय तिथे मुकादम होती. मिरचीचे देठ खुडायचं काम, दिसायला सोपं. दुपारपर्यंत बोटांची अशी आग होते की भाकरीचा तुकडा मोडवत नाही. ''डोयाले हात लावू नका वं माय!'' असं माय ओरडत फिरत होती, आणि डोंगरातल्या बाया तिला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलून हसत होत्या. रुमली मध्ये बसली होती, तिचीही बोटं लाल. संध्याकाळी सगळ्यांची मजुरी मामाने रुमलीच्या पदरात घातली. त्या बदल्यात तिने त्यांना आमच्या ओसरीत जेवू घातलं, वरणभात आणि वांग्याची भाजी. भाजीत मिरची घालू नका म्हणून सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं होतं.

परीक्षेचा फॉर्म भरायला आम्ही दोघी ऑफिसात गेलो, तेव्हा फलकावर नवीन नोटीस होती. शिक्षण शुल्क तेवढंच, शब्दाला जागून. खाली मात्र नवीन बाळं जन्मली होती. विकास निधी. ई-सुविधा. क्रीडांगण, आमच्या क्रीडांगणात बाभळी माजल्या होत्या आणि शेळ्या चरायच्या. विद्यार्थी कल्याण, म्हणजे आमच्या कल्याणाचेही पैसे आम्हीच द्यायचे! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. सगळं मिळून वाढ जवळपास तेवढीच झाली होती, जेवढी आम्ही नाचून थांबवली होती.

मी खिडकीवरच्या भाऊसाहेबांशी भांडले. ''मर्यादा घातलीय ना? मग हे काय?''

भाऊसाहेब स्वभावाने वाईट नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, ''ताई, मर्यादा शिक्षण शुल्काला आहे. हे पैसे शिक्षणाचे नाहीत.''

''मग कशाचे आहेत?''

''ते वर विचारा,'' ते म्हणाले.

रुमलीने हळूच विचारलं, ''सर, हे शिष्यवृत्तीत बसतं का?'' भाऊसाहेबांनी मान हलवली. नाही. शिष्यवृत्ती शिक्षण शुल्काची. शिक्षण शुल्क वाढलं असतं तर तिला काही पडलंच नसतं, सरकारने भरलं असतं. ते आम्ही थांबवलं, तिच्या आवाजावर थांबवलं, म्हणून ओझं उचलून नेमकं तिच्या डोक्यावर ठेवलं गेलं. हे तिथेच खिडकीशी माझ्या लक्षात आलं. तिच्या लक्षात माझ्या आधीच आलं होतं. ती नोटिशीकडे पाहत उभी होती.

मी वर्गात गेले, हॉस्टेलवर गेले, जे जे सतरंजीवर बसले होते त्या सगळ्यांना गाठलं. परत बसू या. रुमलीसाठी बसू या. ''अगं, परीक्षा तोंडावर आलीय.'' ''आमच्या पप्पांनी भरले बाई, कटकट नको.'' ''बसलो असतो गं, पण प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात.'' एक जण तर म्हणाला, तिला शिष्यवृत्ती मिळते ना, मग तिला काय झालं? त्याच्या कानाखाली वाजवायची होती मला, राहून गेलं. त्यांच्या घरची लाह आटोपली होती. घरी येऊन मी मायपुढे रडले, तर ती म्हणाली, ''गरज सरो नि वैद्य मरो, ह्याच शे दुनिया. आनी तो तुन्हा साहेब? गूळ खाईसनी तोंड पुसी लिधं मेल्यानी!''

मग खेत्यामामा आला. रुमलीने त्याला सगळं सांगितलं. त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: साहेबाने गूळ खाल्ला होता ना? सगळ्यांसमोर? तो कॉलेजात गेला. साहेब मीटिंगला गेले होते. तो गेटजवळच्या निंबाखाली दिवसभर बसला. दुसऱ्या दिवशीही मीटिंग होती. साहेब मागच्या दाराने घरी गेले हे शिपायाने सांगितलं, तेव्हा मामा उठला, गेटसमोर उभा राहिला आणि त्याने तिथल्या तिथे कॉलेजला दंड ठोठावला. एक बोकड. ठरलेला शब्द मोडणाऱ्याला त्यांचे पंच दंड करतात, तो त्याने केला. गेटवरची पोरं पोट धरून हसली. कुणीतरी बोकडासारखं ओरडलंसुद्धा. मामाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दंड भरेपर्यंत पाड्यातलं एकही लेकरू या दारात पाऊल टाकणार नाही, असं त्याने सांगितलं. वर गेल्यावर पाड्याच्या बाकीच्या पंचांनीही ते एकमुखाने मान्य केलं.

इकडे माझ्या मायने काय केलं, तर भिशी उचलली. तिचा नंबर नव्हता त्या महिन्यात. गल्लीतल्या बायकांशी कचाकचा भांडून तिने तो बदलून घेतला आणि पैसे माझ्या हातात कोंबले. ''जाय, भरी दे तिन्ही फी. बोडखाना दंड!'' मी धावत हॉस्टेलवर गेले. रुमली पेटी आवरत होती. मी पैसे तिच्यापुढे ठेवले. तिने ते उचलून माझ्या ओढणीत बांधून दिले.

''पंचांचं ठरलं आहे, सुशीला.''

''खड्ड्यात गेले पंच! तुझं वर्ष आहे हे!''

''माझ्यासाठी त्यांचे हात जळले,'' ती म्हणाली. ''त्या म्हाताऱ्या बायांचे. आता मी त्यांच्या शब्दावर पाय देऊन पेपरला बसू?''

मामा खाली जीपशी थांबला होता. मी जिना उतरून त्याच्या अंगावर गेले. वयाचा मान ठेवला नाही. ''मामा, दंड कुणाला केलात? साहेबाला का हिला? साहेब मजेत आहे! चोर सोडून संन्याशाला सुळी देताय तुम्ही!'' त्याला सगळं कळलं की नाही कोण जाणे. तो चिडला नाही. म्हणाला, ''बाई, जो बोलून फिरतो, त्याच्या घरी आम्ही पोरगी देत नाही.'' एवढं म्हणून तो पेटी आणायला वळला. जीपमध्ये पेटी चढवायला मीच हात लावला. त्या सेमिस्टरला तिच्या नंबरचं बाक रिकामं होतं आणि मी चारही पेपर लिहिले. पास झाले. मार्क चांगले पडले.

मला अजून कळत नाही, राग नेमका कुणावर धरायचा. मामावर धरते तर आठवतं, त्या सगळ्या खेळात बोललेलं पाळणारा तोच एक. विद्यापीठावर धरते तर विद्यापीठ म्हणेल, आम्हीही पाळलंच की, शिक्षण शुल्क वाढवलं कुठे? सगळ्यांनीच पाळलं. ज्या साहेबाने कागदावर पाळलं त्याची पेन्शन चालू आहे. ज्यांनी मनापासून पाळलं त्यांच्या पोरीचं शिक्षण सुटलं, आणि तिच्यामागे पाड्यातल्या आणखी किती जणांचं, ते मला मोजवत नाही. मी आता दुसऱ्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. वरच्या भागातली मुलं उच्च शिक्षणाकडे का वळत नाहीत यावर तिथे मध्ये परिसंवाद झाला. शिक्षणाविषयी उदासीनता, असं एक पाहुणे म्हणाले. जागृतीचा अभाव, दुसरे म्हणाले. नंतर समोसे होते. एका अख्ख्या पाड्याने आमच्या जुन्या कॉलेजला वाळीत टाकलं आहे, हे त्या कॉलेजला आजतागायत ठाऊक नाही.

रुमली दर हिवाळ्यात खाली उतरते. मायचे गुडघे गेल्यापासून पथारीवर मुकादम तीच आहे, डोंगरातल्या बायांची टोळी घेऊन येते. मी चहाचा थर्मास घेऊन जाते. आम्ही पोरांचं, पावसाचं, मिरचीच्या भावाचं बोलतो. त्या वर्षाचं बोलत नाही. काल गेले तेव्हा ती बायांना ओळीने बसवत होती आणि कुणीतरी मागे गप्पा मारत होतं. ती वळली, भुवया चढवल्या आणि पावरीत असं काही दरडावलं की सगळी ओळ चिडीचूप झाली. मला हसू आलं, आणि मग हसू गेलं.

तेवढ्यात रस्त्याने मिरवणूक आली. ढोल, गुलाल, विजयाच्या घोषणा. एक मुलगी, असेल विशीतली, पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट पथारीत शिरली. ''मावशी, घ्या! फीवाढ थांबवली आम्ही!'' रुमलीने मिरचीचे हात मागे घेतले आणि तोंड पुढे केलं. मुलीने पेढा भरवला.

''कोणती फी?'' रुमलीने विचारलं.

''शिक्षण शुल्क, मावशी! मर्यादा घातली.''

''बाकीची शुल्कं? त्यांना मर्यादा आहे का? लेखी घेतली आहे का?''

मुलगी गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मिरचीकडे पाहिलं. ''बाकीची म्हणजे?'' ती म्हणाली.

''विकास निधी. ई-सुविधा. शिष्यवृत्तीत जी बसत नाहीत ती. परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत उठू नका, आणि तुमच्यातली शिष्यवृत्तीवाली मुलं कोण आहेत, ती आधी बघा.''

''मावशी, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?''

रुमलीने तोंडातला पेढा गिळला. ''मी एम.एस्सी.ला आहे,'' ती म्हणाली.

मुलगी खळखळून हसली, मावशीने झकास थट्टा केली म्हणून, आणि ढोलामागे पळत गेली.